राक्षसांचा दुसरा सीझन

चि. सूनबाई,

घटस्फोटानंतर असं म्हणतात का, ठाऊक नाही. पत्र टाकणार नाहीच. तुझा पत्ता मुलाकडे मागावा लागेल.

आपल्या कोरियन राक्षसांच्या मालिकेचा दुसरा सीझन आला. पाहू नकोस. पाणी घालून वाढवलंय नुसतं. जन्मभर शिंपीकाम केलं मी, ठिगळ लांबूनच ओळखतो. बस आगारात अडकलेली आपली माणसं जगली की मेली, कोणी सांगतच नाही. ती डॉक्टरीण तर गायबच! नवी माणसं आणून बसवलीत, आणि आपण म्हणे लगेच जीव लावायचा.

सबटायटल्सही भराभर पळतात. तू प्रत्येक ओळीला थांबवायचीस, "वाचलंत का, बाबा?" विचारायचीस.

घरात तुझं नाव कोणी काढत नाही. नवी सून गुणी आहे, बोट ठेवायला जागा नाही. काल शेजारी येऊन बसली, रिमोट तिच्याच हातात होता.

"बाबा, पहिला सीझन कोणाबरोबर पाहिलात?"

मुलगा समोरच जेवत होता.

"एकट्यानेच," मी म्हणालो.

मग ओळींमागून ओळी निघून गेल्या. तिला 'थांबव' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

तुझे,
बाबा