कमलची अर्धी वेणी

वाशी, रविवार संध्याकाळ

अजून डोकं तापलंय. शेजारच्या कमलचा उजवा हात लुळा, म्हणून समाजसेवेचे तास भरायला कॉलेजच्या दोन मुली आल्या. एकीने तिची वेणी घालायला घेतली, दुसरीने सेल्फी काढला. लगेच "लव्ह यू, आजी!" म्हणून दोघी पसार. अर्धी वेणी टाकून कोण उठतं? नर्सिंग शिकवणाऱ्या आमच्या सिस्टरने हातावर पट्टी मारली असती.

मी वेणी पुरी करायला गेले, तर कमल म्हणते, "राहू दे गं. पुढच्या रविवारी येतील पोरी."

"कशाला येतील? फोटो मिळाला त्यांना."

"माया आहे त्यांना."

सोसायटीच्या ग्रुपवर आलेला फोटो मी तिच्यापुढे धरला. दोन हसरे चेहरे, आणि कमलची नुसती पाठ.

तिने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "आता जा तू."