मेंढ्याचा परवाना आणि हलकी रायफल

१४ जून
रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला. मला! लग्न झाल्यापासून रॉइस दर वर्षी सोडतीत दोघांची नावं टाकतो. आता बायकोचं लागलं तर तोंड पाडून बसलाय. आयुष्यात एकदाच मिळतो, दुसऱ्याला देता येत नाही. त्याला मी काय करू?

१७ जून
घरातली रायफल उचलून बघितली. नुसता लोखंडी खांब! माझा उजवा खांदा आधीच कामातून गेलाय. ही घेऊन त्या कड्यांवर चढले तर मेंढाच माझी शिकार करेल. हलकी जुळवायची. ठरलं.

२ जुलै
बाबांच्या मोडक्या रायफलीचा मधला सांगाडा बंदुका दुरुस्त करणाऱ्या लायलच्या दुकानात नेला. तो त्याला बारीक नळी बसवतोय. दस्ता पोकळ फायबरचा, दुर्बीण छोटीशी. एकेक स्क्रू स्वयंपाकाच्या काट्यावर तोलला. रॉइस म्हणे, खेळणं करतेयस.

२० जुलै
डोंगरावर न्यायच्या टूथब्रशची दांडी कापली. तेवढंच वजन कमी. रॉइसच्या ब्रशचीही कापली. बोंबलला.

८ ऑगस्ट
नेमाचा सराव सुरू. पहिल्याच गोळीला दुर्बीण भुवईवर आदळली. रक्त! लायल म्हणाला, वजन काढलंस की लाथ मारणारच. पुढच्या सगळ्या गोळ्या कुठे गेल्या देव जाणे.

१० ऑगस्ट
आजही तेच. नळी वाकडी बसवलीस म्हणून लायलला झापलं. इतके दिवस रॉइस रायफलीच्या आसपास फिरकला नव्हता — आज आला. पाठ करून रायफल भरली, हातात दिली. मी चाप ओढला. नुसतं खट्ट! आत बिनदारूचं काडतूस. आवाज नाही, धक्का नाही — तरी मी डोळे मिटलेले आणि नळीचं तोंड जमिनीकडे.
"नळी सरळ आहे गं. वाकडी तूच होतेस."
जूननंतर पहिल्यांदा हसला मेला. आता रोज तोच भरून देतो. कधी खरं, कधी खोटं, सांगत नाही.

६ सप्टेंबर
तीन गोळ्या, तिन्ही एका तळहाताखाली झाकतील अशा! रॉइस स्वतःची पाठपिशवी काढून बसलाय. म्हणे ओझी वाहायला कुणीतरी हवंच.

२० सप्टेंबर
दवाखान्यात बसून लिहितेय. काल मेंढ्यांमागे चढताना खडीच्या उतारावर रॉइसचा पाय सटकला. नडगी मोडली. समोरच्या धारेवर मेंढे दिसत होते, बघायला वेळ कुणाला? सगळं सामान तिथेच टाकलं. रायफलही खडकाखाली सरकवली — याला धरायला दोन्ही हात हवे होते. डाव्या खांद्यावर घेऊन, बसत-उठत गाडीपर्यंत आणला. सगळा उन्हाळा वजन कमी करण्यात घालवला, आणि वाहिलं काय, तर हा रेडा!
वाटभर मला शिव्या घालत होता. म्हणजे जगेल.

२१ सप्टेंबर
त्याला सांगितलं, झालं आता, घरी जाऊ. प्लॅस्टरमधला पाय आपटायला निघाला.
"मी इथे पडलोय, मेंढे तिथे आहेत. तू माझं तोंड बघत बसणार? हंगाम संपला नाही अजून. जा वर. आणि नेम धरताना डोळे उघडे ठेव."
निघाले.