मीनूला सांगायला जाताना

१५ नोव्हें. २००५, मंगळ. हार्लेम, हॉलंड
आई काल गेली. लिहिलं की खरं वाटेल म्हणून लिहून पाहिलं. नाही वाटलं.
काकांनीच अग्नी दिला, माझ्यासाठी थांबणं शक्य नव्हतं. फोनवर म्हणाले, "आता इथे येऊन काय करणार तू? आधी मीनूकडे जा. समोर बसून सांग. फोनवर कळता कामा नये पोरीला."
धाकटी बहीण, डेन्मार्कच्या पार वरच्या टोकाला. सातवा महिना. आधीची दोन राहिली नाहीत. आई जानेवारीत तिच्या बाळंतपणाला जाणार होती.
ऑफिसात रजा कळवली. उद्याची गाडी.

१६ नोव्हें., बुध. गाडीत
हाम्बुर्ग गेलं. डेन्मार्क कधी लागलं कळलंसुद्धा नाही, पासपोर्ट कुणी विचारला नाही. हॉलंडसारखंच सपाट, माणसं आणखी कमी.
वाक्य जुळवतोय. "मीनू, आईला जरा बरं नव्हतं..." पण आईला ठणठणीत बरं होतं. चहा घेतला आणि आडवी झाली. सुरुवात कुठून करायची?

स्ट्रुअरच्या पुढे रुळांचं काम, म्हणून बस. खाडीवरच्या पुलावर वाऱ्याने बस हलत होती. शेजारच्या म्हातारीने पेपरमिंटची गोळी दिली. घेतली. आई गेलीय आणि मी गोळी चघळतोय.

थांब्यावर मीनूचा नवरा मकरंद एकटाच न्यायला. गाडीत बसल्याबसल्या म्हणाला, "दादा, पाया पडतो, डिलिव्हरी होईपर्यंत नको." त्याला आधी कळवलं हीच चूक झाली. पुण्यात रस्ता खोदलाय, फोन बंद आहे, अशी थाप मीनूला मारून ठेवलीय त्याने. जावईबापू थापा मारण्यात पटाईत. पण रडत होते.

१७ नोव्हें., गुरु. थिस्टेड
मला आईसाठी तयार केलेल्या खोलीत झोपवलंय. फ्लॅनेलची नवी चादर. बाथरूममध्ये बसायला प्लॅस्टिकचं ठेंगणं स्टूल. "खाली बसून अंघोळ केल्याशिवाय तिला बरं वाटत नाही ना." इथे असलं स्टूल कुठे शोधलं असेल मीनूने?
दुपारी म. ऑफिसात. म्हटलं, आत्ताच. "मीनू, एक सांगायचंय—"
"आधी जेव. किती वाळलायस. आईला कळलं तर मलाच ओरडेल."
जेवलो.

१८ नोव्हें., शुक्र.
तपासणीला तिच्यासोबत मी. आत एकटी गेली. बराच वेळ. बाहेर आली : "सगळं छान."
संध्याकाळी म्हणाली, "दादा, देवाजवळ दिवा लाव ना, मला वाकवत नाही."
हात पुढे केला आणि मागे घेतला. सुतक! हार्लेमात वर्षानुवर्षं देवाला हात न लावणारा मी, अन् नेमका आज आडवा आला हा जन्मभराचा संस्कार. "हात खराब आहेत."
"मग धू की."
धुवायला गेलो तो नळ सोडून तिथेच उभा राहिलो. परत आलो तर दिवा म.ने लावलेला. मीनू माझ्याकडे बघत होती. काही विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं, शप्पथ.

१९ नोव्हें., शनि. थिस्टेड
सांगितलं नाही. निघतोय. म. सुटल्यासारखा झालाय, मला किळस आली त्याची, मग माझी. काकांना काय सांगू...

तीच ता., फ्रेडेरिसियाच्या गाडीत
नको म्हटलं तरी बसपर्यंत आली. म. मागे बॅग चढवत होता. मीनूने माझा मफलर नीट केला, हळूच म्हणाली, "मकरंदला काही बोलू नकोस हं. त्याला नाही सोसायचं."
"काय बोलू नको?"
"जा, तो ड्रायव्हर खोळंबलाय."
दार लागलं. हात हलवला तिने. हसत नव्हती.

म्हणजे तिला आईचं कळलं. दिव्यावरून कळलं असणार, आणि म.ला ठाऊक नाही असं समजतेय ती. की तपासणीत काही... बाळाचं काही? आत इतका वेळ का लागला?
मोबाइल काढला, परत ठेवला. आईचं कळलं असेल तर ती तिथे नवऱ्याला चोरून एकटी रडणार. आणि कळलं नसेल तर ती जे लपवतेय ते विचारण्याआधी मला माझं सांगावं लागेल.
समोरचा माणूस सफरचंद कापून खातोय. मलाही फोड देऊ केली. अजून हाम्बुर्गसुद्धा आलेलं नाही.