ग्रेनाडाचं सरकार आणि तुझं तिकीट

सेंट जॉर्जेस, ग्रेनाडा
२ एप्रिल १९७९

सौ. कोकिळेस सातासमुद्रांपलीकडून मास्तरचे आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गेल्या महिन्यात इथलं सरकार बदललं, ते तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. घाबरू नका. यथा राजा तथा प्रजा म्हणावं, तर इथली राणी लंडनात राहते. तिचा गव्हर्नर जनरल टेकडीवरच्या बंगल्यात अजून आहे. निवडून आलेले आमदार पंधरा. आपल्या पिपरीच्या लग्नातली एक पंगत त्याहून मोठी. शाळा सुरू आहे. पोळ्या मीच लाटतो, अजून एकही गोल झालेली नाही.

अण्णाजींना सूनबाईनं इथपर्यंतच वाचून दाखवावं. त्यांचा दमा कसा आहे?

आता तुझ्यापुरतं. इकडे यायचं मे महिन्याचं तिकीट रद्द कर. पंतप्रधान परदेशी असताना बंदूकवाल्यांनी सत्ता घेतली. आमदारांची सभा बंद आहे, राज्यघटनाही बाजूला ठेवली. घरमालकीण म्हणते, "मास्तर, लोक रस्त्यात नाचले, तुम्ही भिता कशाला?" नाचले, हे खरं आहे.

तू म्हणशील, "लोक खुश आहेत न, मंग मी काऊन नाई यायचं?" कोकिळे, उद्या काही झालं तर दाद कोणाकडे मागायची, हे इथे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
महादेव