चेंडू बाहीला लागला, हाताला नाही

तीर्थरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून सुजलेला आहे, तेव्हा तूर्त कागदावरच.) तुमची प्रकृती ठणठणीत असणार. रोज सकाळी वरच्या मजल्यावरच्या तुमच्या गुळण्या खाली माझ्या दुकानात ऐकू येतात, त्यावरून घसा तरी उत्तम दिसतो. डोळ्यांचं मात्र विचारत नाही. वहिनींना नमस्कार. पुतणीला अनेक आशीर्वाद. तिचा या भांडणाशी काडीचाही संबंध नाही. एरवी मी तुम्हाला अरे-तुरे करतो, पण राग आला की अहो-जाहोवर यायचं ही आपल्या घराची शिस्त आईने घालून दिली. ती ज्या दिवशी ‘या, बसा, जेवा’ म्हणायची, त्या दिवशी आपण दोघं न सांगता अभ्यासाला बसायचो, हे आठवत असेल.

तुमच्या-माझ्यात अकरा पायऱ्या आहेत, तरी हे पार्सल टपालाने पाठवतो आहे. (टपाल कचेरीतल्या बाई पत्ता वाचून माझ्याकडे कशा पाहतील ते ठाऊक आहे, तेव्हा तिकीट मी जरा जास्तच जोरात चिकटवणार आहे.) गेल्या रविवारचा सामना तुम्ही मैदानाच्या मधोमध उभं राहून पाहिलात हे खरं. पण तुम्हाला दिसत नाही हे त्याच दिवशी सिद्ध झाल्यामुळे सगळं सविस्तर लिहितो. अंतिम सामना, आम्ही शिवणकामवाले विरुद्ध छापखानेवाले, शून्य-शून्य, शेवटची दोन मिनिटं. छापखान्याच्या त्या ताडमाड बाइंडरने चेंडू मारला, मी मध्ये आलो, चेंडू माझ्या डाव्या बाजूला लागून बाहेर गेला. आणि तुम्ही शिट्टी फुंकलीत! पेनल्टी! आमचा गोलरक्षक, म्हणजे आपला इस्त्रीवाला, डावीकडे झेपावला, चेंडू उजवीकडून आत गेला, आणि नऊ वर्षांनी हाताशी आलेला करंडक छापखान्यात जाऊन बसला. आता म्हणे त्यात ते खळ कालवतात.

तुमचा नियम मला तोंडपाठ आहे. मुद्दाम हात लावला तर गुन्हा. हाताने शरीर अनैसर्गिकपणे मोठं केलं तरी गुन्हा. ठीक. पण नैसर्गिक म्हणजे काय, हे ठरवणारे तुम्ही कोण? तुम्ही चष्मे विकता. हाताबद्दल मला विचारा. सव्वीस वर्षं मी माणसांचे हात मोजतो आहे. ‘हात सैल सोडा’ म्हटलं की एक जण काठीसारखा ताठ होतो, दुसरा पंख पसरल्यासारखा उभा राहतो, आणि बँकेचे मॅनेजर दोन्ही हात खिशात घालतात. सैल सोडलेला हात मी आजवर पाहिलेला नाही. माझा स्वतःचा डावा हात तर सदैव कोपरात वाकलेला आणि अंगापासून वीतभर लांब असतो, कारण सव्वीस वर्षं त्यावर कापड टाकलेलं असतं. झोपेतही तो तसाच असतो, तुमच्या भावजयीला विचारा. शिंप्याचा हात तिथेच असणार! तुमच्या नियमात बसेल असा बचावपटू आमच्या दुकानात एकच आहे, काचेतला पुतळा. त्याला हातच नाहीत. पुढच्या वर्षी त्यालाच उतरवतो.

गावभर दुसरा विषय नाही. न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा माझ्या गळ्याशी धरून विचारलं, की चेंडू हाताकडे आला की हात चेंडूकडे गेला. (मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं.) दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात दोन हत्यारं आणि कापूस घालून हाच प्रश्न विचारला आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा लावला. आणि तुमची भावजय म्हणते, भांडी घासायच्या वेळी हा हात अंगाला आहे की नाही याचा पत्ता नसतो, मैदानात बरा मोठा होतो. घरचा भेदी म्हणतात तो असा.

पण मी पुरावा जपला आहे. नियमाप्रमाणे हात कुठून सुरू होतो? काखेच्या खालच्या रेषेपासून. त्याच्या वर लागला तर तो खांदा, आणि खांद्याला गुन्हा नाही. सोबत माझी जर्सी जोडली आहे. (मीच शिवलेली. सामन्यापासून धुतलेली नाही, पार्सल उघडताना खिडकी उघडी ठेवा.) डाव्या बाहीवर चेंडूचा चिखल गोल उमटला आहे. तो काखेच्या रेषेच्या चांगला दोन बोटं वर आहे. पट्टी लावा. तुमच्या दुकानातलं भिंग लावा. आणि शुक्रवारी मंडळाच्या तक्रार समितीपुढे उभं राहून चूक कबूल करा.

हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. पण काल कानावर आलं, की पुतणीच्या लग्नासाठी तुम्ही रेडिमेड कोट घेणार आहात. रेडिमेड! सख्खा भाऊ खाली कात्री घेऊन बसलेला असताना नवरीचा बाप कुणा अनोळखी माणसाच्या मापाचा कोट घालून मांडवात उभा राहणार? लोकांनी तुमची बाही पाहायची आणि मग माझ्याकडे पाहायचं? पेनल्टी देऊन पोट भरलं नाही का तुमचं? मला फार लागलं आहे, दादा. गुडघ्यापेक्षा जास्त.

कळावे.
तुमचा (अजून तरी) धाकटा भाऊ

ता. क. जर्सीची डावी बाही उजवीपेक्षा आखूड वाटली, तर ती धुण्याने आटली आहे.

ता. क. २. वर मी जर्सी धुतलेली नाही असं लिहिलं आहे, हे आत्ता वाचताना लक्षात आलं. ते वाक्य सोडून द्यावं. आणि जर्सी वहिनींच्या हाती पडू देऊ नये. त्या माझी शिवण ओळखतात, आणि उसवून पुन्हा घातलेली तर लगेच.

ता. क. ३. दादा, डाग काखेच्या खाली होता. सोमवारी दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं, बाही उसवली, वरून चार बोटं कापली आणि पुन्हा जोडली. हात मी नेला होता. मुद्दाम. तू सात पावलांवर होतास, तुला दिसलं, तू शिट्टी फुंकलीस. दुसरा कोणी असता तर भावाकडे पाहून गप्प बसला असता. तू गप्प बसला नाहीस, याचाच राग होता.

तुझा कोट पंधरा दिवसांपूर्वीच बेतला आहे. गडद निळा. जुन्या मापावर सगळा शिवून झाला, फक्त बाह्या लावायच्या राहिल्यात. त्या वहीतल्या आकड्यांवर लावता येत नाहीत. माणूस समोर उभा राहिल्याशिवाय त्याचा हात कुठे पडतो ते कळत नाही. लग्नाला नऊ दिवस राहिलेत. अकराच पायऱ्या आहेत, उतरून ये.

येताना जर्सी घेऊन ये. बाही परत खाली करायची आहे.