आईच्या कम्प्युटरचं जुनं रूप

अंजनगाव सुर्जी,
११ फेब्रुवारी

ती. दादास रागिणीचा नमस्कार.

अकोल्यात तू आणि वहिनी मजेत असाल. आम्ही दोघीही ठीक. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर आई शेजारी बसून माझं निम्मं बोलणं स्वतःच बोलते, म्हणून. हे पत्र एसटीतल्या देवीदासकाकांच्या हाती देते आहे.

लग्नसराई जोरात आहे, आपल्या छपाईच्या दुकानात पत्रिकांचा ढीग पडलाय. आपला जुना कम्प्युटर दिवाळीत कायमचा झोपला, हे तुला माहीत आहेच. नव्यावर सगळं फिकट आणि सपाट. बटण कुठलं आणि रिकामी जागा कुठली, कळू नये. जुन्यावर आई वाचून कधी काम करतच नव्हती, तिचा हात जागा ओळखायचा, आणि अडलं की बाजूच्या खुर्चीवरच्या मला हाक मारायची. मागच्या महिन्यात तिनं एका घरची पत्रिका दुसऱ्या घरासाठी बदलली. आजोबांचं नाव बदललं, त्यापुढचं बारीक 'कै.' तिला दिसलंच नाही. पत्रिका वाटून झाल्या आणि ते आजोबा, खुशालराव, स्वतः दुकानात हजर!

"बाई, नातवाच्या लग्नाआंधी मले कावून पोचवलं?"

ते हसले, मीही हसले. आई हसली नाही. त्यानंतर ती कम्प्युटरसमोर बसेचना. गिऱ्हाइकाला चहा पाजायची आणि मला पुढे करायची.

मग मी हट्टाला पेटले. नव्या कम्प्युटरला जुनं रूप दिलं. खाली जाड राखाडी पट्टी, निळ्या डोक्याच्या खिडक्या, दाबलं की आत जाणारी चौकोनी बटणं, ठळक अक्षरं, सेव्हसाठी फ्लॉपीचं चित्र. सगळं जिथल्या तिथे. आत मशीन नवीन, अंगावर लुगडं जुनं. आई बसली आणि तिचा हात असा सुटला की विचारू नकोस! त्याच दुपारी एक पत्रिका लावून मोकळी.

बहीण किती गुणाची, असं म्हणशील. थांब जरा. मला हैदराबादला नोकरी लागली आहे. गुरुवारी निघायचं आहे, आणि हे मी आईला सांगितलंच नव्हतं. तिला एकटीला दुकान जमलं की माझा पाय मोकळा, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप. तू अकोल्याला गेलास तेव्हा टोमणे मारायला मीच पुढे होते, म्हणून तुझ्यापाशीही तोंड उघडेना.

काल आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "जाऊन राहिली न तू?"

मी पत्रिकांचा गठ्ठा उगाच सरळ करू लागले.

"मशीन माह्या एकटीच्या हातची केली, तवाच समजलं मले. आता हे जुनं रूप काढून टाक."

"कावून? आता त जमून राहिलं न तुले!"

"जमते. पन यात तू बाजूले बसेल असल्यावानी वाटते. मी हाक मारत जाईन, न तू नसशील. नवीनच शिकव. तुह्याबिगर जमलं पायजे मले."

काढलं मी. आज सकाळपासून ती नव्यावर बसली आहे. चुकते, स्वतःवरच चिडते, पण मला विचारत नाही. हेच तर हवं होतं मला. मग जीव असा खालीवर का होतोय? सारखी दुकानात जाते, तिच्यामागे उभी राहते, परत घरात येते. ती मागे न बघता म्हणते, "बॅग भर." बॅग अजून माळ्यावरून काढलेली नाही. मला जायचं आहे, दादा, आणि आई अडवत नाही म्हणूनच रडू येतंय.

शुक्रवारी ती पहिल्यांदा एकटीनं दुकान उघडेल. त्या दिवशी ये. तिनं बोलावल्याशिवाय कम्प्युटरला हात लावू नकोस. नुसता बाजूच्या खुर्चीवर बस.

गुरुवारपर्यंत अंजनगावची,
रागिणी