मागून पोहत येणारा

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बालवाडीच्या मागच्या अंगणातला नळ आठवतो का गं तुला? डब्याच्या आधी आपण सगळी तिथं रांगेत उभी असायचो. तू माझ्या बाह्या कोपराच्या वर सारायचीस, साबण आधी स्वतःच्या हातांना चोळायचीस आणि मग तोच फेस माझ्या हातांना लावायचीस. साबण माझ्या हाती दिला की तो थेट मोरीत जायचा, म्हणून. तू पाच वर्षांची होतीस, पण तोंडावर भाव असे की जणू पन्नास माणसांचं घर चालवतेस.

काल त्याच नळावर मी नातीच्या बाह्या वर सारल्या. हो, घातली तिला. आपल्याच बालवाडीत, सिस्टरांकडे. खुंट्यांची ती लांब पट्टी अजून भिंतीवर आहे. नावाऐवजी चित्रं तशीच. नातीला किटली मिळाली. माझं बदक एका दंतवैद्यांच्या मुलाकडे गेलंय, आणि खरं सांगते, मला त्या पोराचा उगाच राग आला. तुझ्या छत्रीवर कुणाचा तरी लाल रेनकोट होता.

आणि ताई, नोहाचं ते लाकडी तारूही आहे, प्रलयातून प्राण्यांना वाचवून नेणारं. सगळे प्राणी जोडीजोडीनं, फक्त पाणघोडीण एकटी. तिच्या शेजारी नवऱ्याच्या जागी ते बाटलीचं बूच अजून उभं आहे. पंचावन्न वर्षं बुचाबरोबर संसार करतेय बिचारी. हरवलेला पाणघोडा कुठे गेला असं तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, आणि मोठ्या सिस्टर चटकन म्हणाल्या होत्या की तो पाणघोडाच आहे, त्याला तारवाची काय गरज, मागून पोहत येतोय. त्या दिवशी प्रार्थनेत जी ओळ घातली ती आजतागायत चालू आहे. नात घरी येऊन हात जोडून म्हणते, "हे प्रभू, जे पोहोचले त्यांना सांभाळ, आणि जो मागून पोहत येतोय त्याला दमू देऊ नकोस." हे म्हणताना ती एक डोळा उघडा ठेवून जेवायला काय आहे ते बघते.

आता मुद्दा. मोठ्या सिस्टर ऐंशी पार झाल्या. ३० तारखेला त्यांना वयस्क सिस्टरांच्या निवासात हलवणार आहेत. जुन्या मुलांनी एकेक आठवण लिहून द्यायची ठरलंय. बेकरीवाल्यानं त्याची आधीच दिली. तो पाणघोडा आपण कसा गिळला, याची चार पानं. तूही दोन ओळी धाड. गुडघा कसा आहे?

लोभ आहेच, तो लंगडू देऊ नये.

तुझी,
बदक

*

ता. १० जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा आहे तिथंच आहे, मी मात्र त्याच्यामुळे कुठेच जात नाही. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात. डॉक्टर दिसायला नातवाएवढे आहेत आणि मला आजी म्हणतात, त्यामुळे त्यांच्या हातात सुरी द्यावी की नाही हे अजून ठरत नाही. सूनबाई चांगली काळजी घेते. जिना उतरू देत नाही, स्टुलावर चढू देत नाही, लोणी तर दिसूही देत नाही.

नातीला खुंटीवर पिशवीचा बंद दोनदा गुंडाळायला शिकव. एकदा गुंडाळला तर सुटतो.

आठवण दोन ओळींत मावणारी नाही. लिहू का नको म्हणून चार दिवस काढले. तू हे वाचताना चहा पीत असशील तर कप खाली ठेव.

पाणघोडा माझ्याकडे आहे.

बटणांच्या डब्यात, तळाला. लग्न झालं तेव्हा बरोबर आणला, चार घरं बदलली तेव्हाही आणला. यांनी एकदा विचारलं होतं, मी म्हटलं शिवणाचं काहीतरी आहे. बेकरीवाल्यानं काही गिळलं नव्हतं.

मोठ्या सिस्टर जायच्या आधी त्यांना खरं कळायला हवं. त्या गेल्यावर ही गोष्ट सांगायला मला माणूसच उरणार नाही. स्वतः आले असते, पण हा गुडघा. काय करू ते कळव, आणि घरात कुणाला सांगू नकोस.

आशीर्वाद आहेतच, थोडी दयाही असू दे.

तुझी ताई,
छत्री

*

ता. १४ जून

ती. ताईस,
नमस्कार, आणि आज त्याच्याखाली वि. वि. लिहायला हात धजत नाही.

घरात सगळ्यांना सांगितलं. राहवलं नाही. हे पोट धरून हसले, सूनबाईला उचकी लागली. ताई, तू? रस्त्यात सापडलेली पेन्सिल पोलिसांना नेऊन देणारी तू? जन्मभर मला बजावत आलीस, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, विचारल्याशिवाय कपाट उघडू नये, आणि इकडे तुझ्या बटणांखाली चोरीचा पाणघोडा. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू मला प्रामाणिकपणावर तासभर ऐकवलं होतंस, ते सगळं मी आता परत करते आहे. मोजून घे.

मग वाटलं, बेकरीवाल्याला आधी सांगावं. बिचाऱ्याला त्या काळी तीन दिवस एरंडेल पाजलं होतं. पाणघोडा बाहेर पडतो का म्हणून सिस्टर पहारा देत होत्या. आनंदानं उडी मारेल असं मला वाटलं. तो ऐकता ऐकता पांढरा पडला आणि पिठाच्या पोत्यावर बसला. सगळं गाव त्याला पाणघोडा म्हणतं, दुकानाच्या पाटीवर पाणघोडा आहे, शनिवारी पाणघोड्याच्या आकाराचे पाव करतो ते अकरा वाजता संपतात. बायकोनंसुद्धा म्हणे ही गोष्ट ऐकूनच होकार दिला. मला म्हणाला, "ताईंना सांगा, इतक्या वर्षांनी माझ्या पोटातून त्याला काढू नका." बरोबर सहा पाव दिले. लाच आहे हे कळत होतं, पण गरम होते.

तरीही माझं मत असं की गुन्हा तो गुन्हा. रजिस्टर पार्सलानं धाड. मी स्वतः सिस्टरांच्या हाती देईन आणि तुझ्या वतीनं क्षमा मागेन. भाषण तयार करते आहे. पण एक सांग, का घेतलास? तुला खेळणी कधी आवडलीच नाहीत.

राग मानू नये. मानलास तरी लोभ ठेवावा, तो माझा हक्क आहे.

तुझी (निर्दोष),
बदक

*

ता. १९ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद. अनेक की एक, ते पत्र संपल्यावर ठरव.

पार्सल सोबत आहे. पाणघोड्याला मोज्यात गुंडाळलंय, कारण तो आपल्या घरी मोज्यातूनच आला. मोज्यातून काढलास की त्याचा डावा कान बघ. कानावर दातांच्या खुणा आहेत. वरचे दोन पुढचे दात, मधे मोठी फट. आरसा जवळ असेल तर तोंड उघडून बघ.

तुझा तो बालवाडीतला तिसरा दिवस होता. पहिले दोन दिवस तू इतकी रडलीस की सिस्टरांनी कानात कापूस घातला होता. तिसऱ्या दिवशी अचानक गप्प. डब्यानंतर सगळ्यांना चटयांवर आडवं केलं, तेव्हा मी वळून बघितलं तर पाणघोडा तुझ्या फ्रॉकच्या घोळात आणि कान तोंडात, आणि तू गाढ झोपलेली. मी तो हळूच काढला आणि परत ठेवायला उठणार, तेवढ्यात सिस्टर प्राणी मोजायला आल्या. घाबरून मी तो मोज्यात घातला. एक कमी भरला, आणि नेमका त्याच वेळी आपल्या बेकरीवाल्याला पावाचा तुकडा अडकून ठसका लागला. पुढचं तुला माहीत आहे.

घरी लंगडत आले. आईला वाटलं काटा गेला. या गुडघ्याचं तेव्हापासूनच बिनसलं असेल.

दुसऱ्या दिवशी परत ठेवणार होते. पण तोवर, एकीकडे एरंडेल चालू असतानाच, सिस्टरांनी लहानांची समजूत काढायला सांगून टाकलं होतं की तो मागून पोहत येतोय, आणि सगळी डोळे मिटून त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. मी हातातला कोरडा पाणघोडा दाखवला असता तर सिस्टर खोट्या पडल्या असत्या. पाच वर्षांच्या डोक्याला एवढंच सुचलं. मग रोज एक दिवस वाढत गेला.

आईनं सकाळी एकच सांगितलं होतं, हिच्याकडे लक्ष ठेव. ते ठेवलं.

सिस्टरांना मात्र मीच घेतला असं सांग. तू तीन वर्षांची होतीस, तुझा काय दोष. बेकरीवाल्याचं जमलं तर सांभाळून घे.

लोभ आहे तो असाच राहू दे. भाषण तयार केलंच आहेस, तर वाया घालवू नकोस.

तुझी ताई,
छत्री

*

ता. २९ जून

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. आज पूर्ण शब्द लिहिलाय, बघ.

आरशात बघितलं. दात तेव्हाचे दुधाचे, पण फट माझीच. यांनी भिंग आणून खात्री करून घेतली आणि दोन दिवस मला घरात कपाटाच्या किल्ल्या दिल्या नाहीत.

काल गेले. मोठ्या सिस्टर अंगणात खुर्चीवर, भोवती चाळीस पोरं डबे उघडून. तू सांगितलंस तसं सांगायचं, असं मी वाटेत घोकत होते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तुझ्यावर काही ढकलणं मला जमेना. हळूच कानाशी वाकून खरं ते सांगितलं. त्या कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ते खिशात ठेवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काय, म्हणाल्या. पुन्हा सांगितलं. काय, म्हणाल्या. तिसऱ्यांदा माझा आवाज असा काही फुटला की रस्त्यावरची सायकल थांबली. "सिस्टर, पाणघोडा मी घेतला होता."

चाळीस डबे एकदम गप्प. माझ्या नातीनं मान खाली घातली. एवढ्याशा जिवाला माझी लाज वाटली.

मी मोजा सोडला आणि पाणघोडा सिस्टरांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी कानावरून अंगठा फिरवला आणि यंत्र कानात घातलं. मग मी तुझं सगळं सांगितलं. मोजा, लंगडणं, आणि सिस्टर खोट्या पडू नयेत म्हणून पाच वर्षांच्या पोरीनं गप्प राहणं. त्यांनी पाणघोडा मांडीवर उभा केला. नंतर म्हणाल्या, बेकरीवाल्यानं काही गिळलं नाही हे तर एरंडेलाच्या तिसऱ्या दिवशीच समजलं होतं. पण तोवर तो मुलगा इतका ऐटीत चालायला लागला होता की त्याच्याकडून ते काढून घेणं जिवावर आलं. आमची गाठ पाणघोड्याशी नव्हती गं, म्हणाल्या, तुम्हा पोरांशी होती.

एव्हाना पोरं भोवती जमली. दंतवैद्यांच्या मुलानं, त्याच माझ्या बदकवाल्यानं, हरकत घेतली की हा एवढासाच कसा. दुसरी म्हणाली, इतकी वर्षं पोहून झिजला. ते सगळ्यांना पटलं. कोरडा कसा, हा प्रश्न निघाला तेव्हा मोज्याकडे बोट दाखवून मी सुटले. तरी नातीनं आपल्या रुमालानं त्याला पुसलंच, पोटाखालीसुद्धा. बेकरीवाला फाटकाशी उभा राहून हे सगळं बघत होता. तेवढ्यात एका पोरानं सांगून टाकलं की तारवाच्या मागे दोन पाणघोडे होते, एक काकांनी गिळला, एक आजींनी नेला. बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावर असा रंग परतला की विचारू नकोस.

मग माझी नात रडायला लागली. तो आला, आता प्रार्थनेत कुणासाठी म्हणायचं? हाच प्रश्न माझ्याही पोटात होता. सिस्टरांनी तिला जवळ घेतलं. "अगं, एकच पोहोचला. अजून बरेच जण पोहताहेत. तुला कुणी माहीत आहे?"

नातीनं डोळे पुसले आणि सांगितलं, माझ्या आजीची ताई आहे, तिचा गुडघा दुखतो.

ताई, आज सकाळी चाळीस पोरांनी हात जोडून तुझ्यासाठी म्हटलं. मागून पोहत येणाऱ्या मोठ्या आजीला दमू देऊ नकोस. एक डोळा उघडा ठेवूनच म्हटलं, पण म्हटलं. आता त्या डॉक्टरपोराच्या हातात सुरी द्यायला हरकत नाही.

सिस्टर उद्या जातात. आपल्या वस्तू कुणाला द्यायच्या ते त्यांनी मला लिहून घ्यायला लावलं. शिक्षा म्हणून. तुलाही कळवायला सांगितलं आहे, म्हणून उतरवते. हातातली घंटा स्वयंपाकघरातल्या बाईंना, त्यांच्या हाकेला कुणी येत नाही. काळी छत्री माळ्याला, मात्र त्यानं ती झाडांवर धरू नये. पाणघोडा पाणघोडिणीला. बूच बेकरीवाल्याला, तोंडात घालणार नाही असं वचन घेऊन. दर शुक्रवारी पाणघोडा पुसायचं काम आणि त्यासाठी सिस्टरांचा पांढरा रुमाल, माझ्या नातीला. एरंडेलाचा चमचा मला. तो ज्याच्या वाट्याचा होता त्याला मिळाला, म्हणाल्या.

तुला काही पाठवायचं नाही. लाल रेनकोटवाल्याला दुसरी खुंटी दिली आहे, त्याला आता ससा मिळाला आणि तो खूश आहे. छत्रीची खुंटी रिकामी ठेवायची, तिथं कुणाचीही पिशवी लावायची नाही. ती येईल आणि आपल्या हातानं बंद दोनदा गुंडाळेल, तोवर.

लोभ, बदकाचा.